गव्हावर दळलेली भाकरी

परदेशातील मराठी मंडळांच्या स्नेहभोजनाच्या पत्रकावर 'ग्लुटेनविरहित' हा शब्द अलीकडे दिसू लागला आहे. परंतु तो बहुधा शेवटच्या ओळीत, 'ज्यांना पथ्य असेल त्यांनी आधी कळवावे' अशा सूचनेसोबत येतो, आणि कळवणाऱ्याच्या वाट्याला पांढरा भात, काकडीच्या चकत्या व सर्वांची सहानुभूती एवढेच येते. गहू न चालणारा माणूस हा मंडळाच्या पंगतीतील उपरा आहे आणि त्याच्यासाठी काहीतरी परके, महागडे व बेचव अन्न वेगळे आणावे लागते, असे त्यामागचे गृहीतक असते. ज्या समाजाची आई-आजी जोंधळ्याच्या भाकरीवर वाढली, त्याने असे गृहीत धरावे हे विलक्षण आहे, आणि या विलक्षणपणाचा विचार करताना कोल्हापूरचे उदाहरण विशेष उपयोगी पडते.

ग्लुटेन म्हणजे गहू, जव व राय या धान्यांतील प्रथिनांचा समूह होय. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो आणि चपाती लाटताना जी फाटत नाही, ती या प्रथिनांमुळेच. बहुसंख्य लोकांना त्यापासून काहीही अपाय नसतो, मात्र सेलिअ‍ॅक हा विकार असलेल्या व्यक्तीच्या शरीरात ग्लुटेन पोहोचले की तिची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषून घेणारे आतड्यातील सूक्ष्म अंकुर झिजून सपाट होतात, त्यामुळे पोटाच्या तक्रारींबरोबरच, किंवा पोटाची एकही तक्रार नसताना, रक्तक्षय, हाडांचा ठिसूळपणा आणि मुलांच्या बाबतीत खुंटलेली वाढ अशी लक्षणे दिसतात. ही गव्हाची अ‍ॅलर्जी नव्हे, कारण अ‍ॅलर्जीची यंत्रणा निराळी असते. आणि सेलिअ‍ॅक नसतानाही गव्हाने त्रास होणाऱ्यांचा जो तिसरा गट आहे, त्याच्याशीही या विकाराची गल्लत करू नये. रक्ततपासणी व आतड्याच्या तुकड्याची तपासणी यांवरून निदान होते, आणि ते गहू खाणे चालू असतानाच करावे लागते. आधी गहू सोडून मग तपासणीला गेल्यास निष्कर्ष फसवा येऊ शकतो, ही गोष्ट स्वतःच्या मनाने पथ्य सुरू करणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. उपचार एकच, तो म्हणजे ग्लुटेन आयुष्यभर पूर्णपणे वर्ज्य करणे.

या उपचाराचा शोध लागला तोही अन्नाच्या टंचाईतून. विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाविषयी शंका आधीपासूनच होती. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हा इतर मुले कृश होत असताना या विकाराचे बालरुग्ण मात्र सुधारले आणि पाव परत येताच पुन्हा खंगले, या अनुभवाने ती शंका बळावली आणि 1950 साली डिके यांनी आपल्या प्रबंधात गव्हाचा संबंध मांडला. जगात सुमारे शंभरात एका व्यक्तीला हा विकार असतो असे मानले जाते. उत्तर भारतात प्रमाण याच्याच आसपास आढळते, तर दक्षिण भारतात ते बरेच कमी आहे, आणि रोजच्या ताटातील गव्हाचे प्रमाण हे या फरकाचे एक महत्त्वाचे कारण समजले जाते. ज्याच्या ताटात गहू थोडा, त्याचा विकार झाकलेला राहू शकतो. तोच माणूस परदेशी येऊन सकाळी टोस्ट, दुपारी सँडविच आणि रात्री चपाती खाऊ लागला की चित्र बदलणे शक्य आहे.

कोल्हापूर जिल्ह्याचे जुने ताट तर मुळातच गव्हावर उभे नव्हते. पूर्वेकडील शिरोळ-हातकणंगल्याकडे शाळू, पश्चिमेकडील आजरा, चंदगड, राधानगरीच्या डोंगरपट्ट्यात भात आणि नाचणी, असा तो संसार होता. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला तर भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. गहू होता तो सणाचा. पुरणाची पोळी, लग्नातले लाडू, आणि कर्नाटकाच्या सीमेलगत खपली गव्हाची खीर, जिला त्या भागात हुग्गी म्हणतात, एवढ्यापुरता तो घरात येई. आज रोजची झालेली चपाती तेव्हा पाहुण्यांसमोर मांडायची प्रतिष्ठेची वस्तू होती. अमेरिकेच्या 1954 च्या पीएल-480 कायद्याखाली आलेला गहू, त्यानंतरची हरितक्रांती आणि रेशनचे दुकान यांनी हा क्रम उलटवला; 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ किलोला 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरड धान्य 1 रुपया असा दर ठरवला, तरी प्रत्यक्षात पिशवीत पडत राहिले ते मुख्यतः गहू-तांदूळच. दोन पिढ्यांत भाकरी गरिबीची खूण ठरली, आणि तिसऱ्या पिढीत तीच भाकरी परदेशी दुकानाच्या 'आरोग्यदायी' कप्प्यात चकचकीत पाकिटातल्या पिठाच्या रूपाने परतली.

या पार्श्वभूमीवर मंडळाच्या एका 'कोल्हापुरी संध्याकाळी' घडलेला प्रसंग पाहावा. तांबडा रस्सा होता, पांढरा रस्सा होता, सुके मटण होते, सजावटीला फेटे आणि चपला होत्या. रश्शासोबत मात्र नान आणि पाव होता. सेलिअ‍ॅक असलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीने घरून डब्यात आणलेली शाळूची भाकरी रश्शात कुस्करायला घेतली, तेव्हा शेजारच्या मुलाने आपल्या आईला विचारले, "ही कोल्हापूरची नाही का, म्हणून वेगळं खाते?" त्या संपूर्ण सभागृहात कोल्हापूरकरासारखी जेवणारी ती एकटीच होती. त्या मुलीचे घर प्रस्तुत लेखकाचेच आहे हे लपवण्यात अर्थ नाही. तथापि मुद्दा घरगुती नाही. रोष त्या मुलावर नाही, कारण त्याने जे पाहिले त्यावरून काढलेला निष्कर्ष तर्काला धरूनच होता.

खरी अडचण आग्रहाची आहे. मराठी पंगतीत आग्रह हा प्रेमाचा व्याकरणशुद्ध प्रकार मानला जातो, आणि नकार हा त्या व्याकरणातला केवळ एक टप्पा; पहिल्या 'नको'चा अर्थ 'वाढा' असा घेण्याची सवय लागलेल्या वाढप्याला शेवटचा 'नको' ओळखू येत नाही. 'एका घासाने काय होतंय', 'निदान अर्धी तरी', 'प्रसाद आहे, प्रसादाने कधी कुणाला काही झालंय का' ही वाक्ये ज्याने ऐकली नाहीत असा सेलिअ‍ॅकचा मराठी रुग्ण विरळा. एका घासाने काय होते याचे उत्तर मोजलेले आहे: दिवसाकाठी सुमारे 50 मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने पोटात जात राहिले तरी आतड्याला इजा होऊ शकते, आणि पावाच्या एका कापात ग्लुटेन साधारण 2 ग्रॅम, म्हणजे त्याच्या चाळीसपट असते. म्हणूनच 'ग्लुटेनविरहित' म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसावे, अशी मर्यादा भारतासह अनेक देशांनी घातली आहे. अर्धी पोळी ही सवलत नसून तो पूर्ण अपघात आहे.

यावर असे म्हटले जाते की इतकी बारीक काळजी सार्वजनिक स्वयंपाकात शक्य नाही. हे म्हणणारा समाज कोणता, तर ज्याने शतकानुशतके याहून बारीक काळजी घेतली. उपवासाचा चमचा साध्या आमटीला लागला तर तो बाजूला ठेवणारी घरे अजून आहेत. संकष्टीला कोणाचा उपवास आहे हे मंडळाच्या स्वयंपाकघरात न विचारता ठाऊक असते. आणि जैन वस्ती मोठी असलेल्या कोल्हापुरात 'जैन' एवढा एकच शब्द उच्चारला की कांदा-लसूण-बटाटा वगळून पदार्थ समोर येतो, कोणी कारण विचारत नाही. म्हणजे वेगळेपणा सांभाळण्याची कला अवगत आहे; ती व्रताच्या बाबतीत वापरली जाते आणि व्याधीच्या बाबतीत नाकारली जाते. त्यातही विशेष असे की उपवासाचे बहुतेक सर्व पदार्थ, म्हणजे साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, बटाटा आणि शेंगदाणे, निसर्गतःच ग्लुटेनविरहित आहेत, तेव्हा ज्या मंडळाला आषाढी एकादशीचे फराळाचे जेवण दीडशे पानांना जमते त्याला हे जमत नाही असे म्हणवत नाही. अशा सोवळ्याचा दाखला देताना मात्र एक सावधगिरी हवी. त्या कल्पनेने माणसे दूर ठेवली गेली, आणि ज्या कोल्हापुरात अस्पृश्य गणल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात शाहू महाराजांनी जाहीरपणे चहा घेऊन त्या दूर ठेवण्याला उत्तर दिले, त्या गावाचे नाव घेत सोवळे गौरवणे शोभणार नाही. येथे दूर ठेवायचे आहे ते पीठ, आणि तेही एका माणसाला पंगतीत घेता यावे म्हणून.

पीठ दूर ठेवण्याची भाषाही मराठीत तयार आहे. गिरणीत दळण देताना जुन्या बायका 'कशावर दळताय' असे विचारत, कारण आधीच्या धान्याचे पीठ जात्याच्या पाळीत उरते आणि ते पुढच्या दळणात उतरते. जोंधळ्यावर गहू दळला तर चपाती काळपट होते, म्हणून गव्हावर गहू आणि जोंधळ्यावर जोंधळा, असा गिरणीचा शिरस्ता असे. इतर भाषांत ज्या गोष्टीला लांबलचक पारिभाषिक नाव द्यावे लागते, ती मराठीत 'वर' या एका अक्षरजोडीत सामावली आहे. पण चपातीच्या रंगासाठी जी चौकशी होई, ती आता कोणी करत नाही, आणि गव्हावर दळलेल्या ज्वारीची भाकरी ही नावापुरतीच ज्वारीची असते. त्याच परातीत आधी कणीक मळलेली असणे, भाकरी तुटू नये म्हणून तिच्यात मूठभर गव्हाचे पीठ मिसळणे, चपातीचाच तवा वापरणे, हे पुढचे प्रकार.

आणखी दोन गोष्टी घराघरांत तपासण्याजोग्या आहेत. पहिली हिंग: शुद्ध हिंगाचा डिंक फार उग्र असल्याने बाजारातील हिंगात तो पिठात बांधलेला असतो, आणि ते पीठ अनेकदा गव्हाचे किंवा मैद्याचे असते, तांदळाचे क्वचित; उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेल्या वर्षभराच्या चटणीत हाच हिंग पडला तर वर्षभराची प्रत्येक आमटी संशयास्पद होते. दुसरी खपली. हा जुना, देशी, पचायला हलका गहू असल्याने तो सेलिअ‍ॅकला चालतो, असे सांगणारे हितचिंतक सांगली-कोल्हापूरकडे पुष्कळ भेटतात. खपलीही गहूच आहे, तिच्यात ग्लुटेन आहे, आणि तिची हुग्गी कितीही प्रेमाने केलेली असली तरी ती या रुग्णासाठी नाही. सातूच्या पिठाचीही तीच गत, कारण सातू म्हणजे जव.

सुट्टीत कोल्हापूरला गेलेल्या कुटुंबाला बाहेर जेवणे त्यामानाने सोपे जाते, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे. पांढऱ्या रश्शाला दाटपणा येतो तो नारळाचे दूध, तीळ, खसखस आणि काजू यांनी. तांबड्याला चटणी आणि वाटणाने. पिठाची गरज दोहोंनाही नाही. खानावळीत 'चपाती का भाकरी' हा प्रश्न वाढपी स्वतःच विचारतो, त्यामुळे भाकरी मागणारा आजारी ठरत नाही. मिसळीच्या मटकीत आणि कटात गव्हाला काही काम नाही. ब्रेड नाकारता येतो, फक्त फरसाणात मैद्याची पापडी आहे का आणि हिंग कोणता हे विचारावे लागते. लोणी डोसा तांदूळ-उडदाचा, पण शेजारी त्याच तव्यावर रवा डोसा पडत असेल तर उठावे. भेळेतून पुरी काढून टाकणे पुरेसे नाही, ती आधीच कालवली गेलेली असते. गाड्यावरच्या चायनीजला सोया सॉस असतो आणि त्यात बहुधा गहू असतो, त्यामुळे तिथे प्रश्नच मिटतो. ब्रिटन व युरोपात डिसेंबर 2014 पासून हॉटेलांना ग्लुटेनयुक्त धान्यांसह 14 घटकांची माहिती ग्राहकाला देणे बंधनकारक आहे. कोल्हापूरच्या खानावळीत असा तक्ता नसतो, पण मालक गल्ल्यावरून उठून आचाऱ्याला विचारून येतो. कायद्याचा तक्ता भरवशाचा की मालकाचे उठणे, यावर निवाडा देण्याचे येथे टाळलेले बरे.

दिवाळीच्या फराळाचाही प्रश्न आहे. चकली, कडबोळी, अनारसे, बेसनाचे लाडू गव्हावाचून होतात, करंजी-शंकरपाळी-चिरोटे होत नाहीत, आणि सगळे एकाच कढईत तळले की हा भेद निरर्थक ठरतो. शाळेतील वाढदिवसांचे केक आणि 'ग्लुटेनविरहित' पावाच्या किमती हे विषय तर स्वतंत्र लेखाचे आहेत.

वरील विवेचनाचा सूर काही ठिकाणी उपदेशकाचा झाला असल्यास तो दोष मान्य करणे भाग आहे. नोकरी सांभाळून, शनिवारी पहाटे उठून, भाड्याच्या सभागृहातील अपुऱ्या शेगडीवर दोनशे माणसांचे मटण शिजवणाऱ्या कार्यकर्त्यांना घरी बसून शहाणपण शिकवणे सोपे असते, आणि दोनशे भाकऱ्या थापणे हे नान मागवण्याइतके सोपे नाही, हे ज्याने वीस भाकऱ्या थापून पाहिल्या आहेत त्याला कळते. लेखकाच्या घरी निदान होण्यापूर्वीच्या वर्षांत याच मंडळात चपात्यांची जबाबदारी आनंदाने घेतली जात होती आणि 'कोणाला गहू चालत नाही का' असे एकदाही विचारले गेले नव्हते.

त्या घरात आता कोल्हापूरहून आणलेली लहान घरघंटी आहे. तिच्यात गहू कधी पडलेला नाही. ही बातमी पसरल्यावर मंडळातील एक काकू थालीपिठाच्या भाजणीचे भाजलेले धान्य घेऊन आल्या, त्यात परंपरेप्रमाणे दोन वाट्या गहू होते, आणि संकोचाने का होईना, ते दळण परत पाठवावे लागले. आठ दिवसांनी काकू गहू वगळून भाजलेली भाजणी घेऊन पुन्हा आल्या. थालीपीठ तव्यावर घालताना कडेला थोडे फुटले. त्यांनी ओल्या बोटांनी ते सांधले, मधल्या भोकात तेल सोडले, आणि पहिले थालीपीठ त्या मुलीच्या ताटात वाढून, सवयीप्रमाणे, आणखी एकाचा आग्रह केला.