विषय येतो, शिकवता येतो का?

व्यापारी घराण्यांत मुलाला एकदम गादीवर बसवण्याची रीत नाही. शिक्षण कितीही झालेले असले तरी आधी मालाची पारख, मग गिऱ्हाइकाशी बोलणे, रोजमेळ लिहिणे, उधारीची खतावणी पाहणे, असा क्रम असतो. आणि हे सारे वडीलधाऱ्यांच्या किंवा जुन्या मुनीमजींच्या नजरेखाली होते. मालाची माहिती असणे आणि तो माल गिऱ्हाइकाला पटवून देता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे पेढीवर कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

महाविद्यालयीन अध्यापनात मात्र हा भेद दीर्घकाळ मानला गेला नाही. शाळेत शिकवू इच्छिणाऱ्याला बी.एड. करावे लागते, वर्गात उभे राहून पाठ द्यावे लागतात. महाविद्यालयात भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकवणाऱ्याकडून पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. यांची अपेक्षा असते. यांतून विषयाचे ज्ञान सिद्ध होते. शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गापुढे तो विषय कसा मांडावा, याचा प्रत्यक्ष सराव त्यातून होतोच असे नाही. ही स्थिती केवळ भारताची नाही. अमेरिकेतील संशोधक विद्यार्थी पाच-सहा वर्षे प्रयोगशाळेत घालवतो, पुढे पोस्टडॉक्टरल संशोधक म्हणून आणखी काही वर्षे काढतो आणि मग एके दिवशी प्राध्यापक म्हणून वर्गात उभा राहतो. संशोधनाचे शिक्षण त्याला मिळालेले असते. अध्यापनाचे बहुधा नसते.

ही उणीव भरून काढण्यासाठी २००३ साली अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या साहाय्याने विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील परिसरात एक केंद्र सुरू झाले. संशोधन, अध्यापन आणि अध्ययन यांची सांगड घालणे हा त्याचा उद्देश. ‘सर्टल’ या संक्षिप्त नावाने ते ओळखले जाते, आणि आज अमेरिका व कॅनडा येथील अनेक संशोधन-विद्यापीठे त्याच्या जाळ्यात आहेत. त्यामागील विचार साधा होता. देशभरातील लहानमोठ्या महाविद्यालयांत विज्ञान शिकवणारे प्राध्यापक तयार होतात ते तुलनेने मोजक्या संशोधन-विद्यापीठांत. म्हणून त्यांना नोकरी लागल्यानंतर शिकवण्यापेक्षा, ते पीएच.डी. करीत असतानाच अध्यापनाचे शिक्षण द्यावे.

प्रत्येक विद्यापीठात असे अभ्यासक्रम उभे करणे सोपे नव्हते. तेव्हा इंटरनेटचा आधार घेण्यात आला. एका विद्यापीठातील वर्गात दुसऱ्या विद्यापीठाचे विद्यार्थी संगणकावरून बसू लागले. २०१४ मध्ये याच वर्तुळातील काही विद्यापीठांनी मिळून विज्ञान व गणिताच्या पदवी-अध्यापनावरील एक मुक्त अभ्यासक्रम ‘कोर्सेरा’वर आणला. तो मुख्यत्वे संशोधक विद्यार्थी आणि पोस्टडॉक्टरल संशोधक यांच्यासाठी होता. मात्र एकट्याने नाव नोंदवणारे पुष्कळ जण अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडतात, हा अशा मुक्त अभ्यासक्रमांचा सर्वत्र आलेला अनुभव आहे. त्यामुळे चित्रफिती घरी पाहाव्यात आणि आठवड्यातून एकदा आपल्याच विद्यापीठातील सहाध्यायांच्या गटात बसून चर्चा करावी, अशी योजना सोबत जोडण्यात आली.

अशा अभ्यासक्रमात शिकवतात तरी काय? पहिली गोष्ट, पाठाचे उद्दिष्ट. ‘आज गतीचे नियम घ्यायचे आहेत’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘तास संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे’ हे उद्दिष्ट. दुसरी गोष्ट, विद्यार्थ्याच्या मनात आधीपासून असलेल्या समजुती. सरळ वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच बिंदूला क्षणभर थांबतो. त्या क्षणी त्यावर बल किती, असे विचारल्यास बरेच विद्यार्थी ‘शून्य’ म्हणतात. वास्तविक गुरुत्वाकर्षण तेव्हाही तेवढेच असते. सूत्र पाठ असूनही ही समजूत टिकून राहते, आणि शिक्षकाने प्रश्न विचारल्याखेरीज ती उघडकीस येत नाही. तिसरी गोष्ट, विद्यार्थ्यांना वर्गात विचार करायला लावणे. प्रश्न टाकावा, प्रत्येकाने आपले उत्तर नोंदवावे, शेजाऱ्याशी चर्चा करावी, पुन्हा उत्तर द्यावे आणि मग शिक्षकाने उलगडा करावा. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझुर यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत रूढ केली.

याने खरोखर फरक पडतो का, हा हिशेबी मनाचा प्रश्न रास्त आहे. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात त्याचा एक प्रयोग झाला. नोबेल पारितोषिक विजेते कार्ल वीमन त्यात सहभागी होते आणि निष्कर्ष २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रथम वर्षाच्या भौतिकशास्त्राचे, प्रत्येकी अडीचशेहून अधिक विद्यार्थ्यांचे दोन वर्ग घेतले. एका आठवड्यासाठी एका वर्गाला अनुभवी आणि विद्यार्थ्यांत नावाजलेल्या प्राध्यापकांनी नेहमीप्रमाणे व्याख्यान दिले. दुसऱ्या वर्गाला अध्यापनाचा अनुभव तुटपुंजा असलेल्या, पण या नव्या पद्धतीचे शिक्षण घेतलेल्या पोस्टडॉक्टरल संशोधकाने एका संशोधक विद्यार्थिनीच्या मदतीने शिकवले. शेवटी दोन्ही वर्गांना एकच चाचणी दिली. व्याख्यानाच्या वर्गाची सरासरी ४१ टक्के आली, दुसऱ्या वर्गाची ७४ टक्के.

प्रयोग एका आठवड्याचाच होता, हे खरे. परंतु २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या अध्यापनावरील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापास होण्याचे सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्के, तर विद्यार्थ्यांना सहभागी करून घेणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के आढळले. शंभरांच्या वर्गात हा बारा मुलांचा फरक आहे. पहिल्या वर्षी नापास झालेला मुलगा किंवा मुलगी बहुधा ‘विज्ञान आपल्याला झेपत नाही’ अशी मनाची समजूत करून घेते आणि दुसरी वाट धरते. त्यांतील कित्येकांत बुद्धीची उणीव नसते.

याची दुसरी बाजूही पालकांनी ध्यानात घ्यावी. हार्वर्डमधील २०१९ च्या एका अभ्यासात असे दिसले, की सहभागाच्या पद्धतीने शिकलेल्या विद्यार्थ्यांना चाचणीत अधिक गुण मिळाले. पण ‘आपण कमी शिकलो’ असे त्यांनाच वाटत होते. अस्खलित व्याख्यान ऐकताना सारे समजल्याचा भास होतो, आणि स्वतः डोके चालवताना अडखळायला होते. म्हणून ‘सर शिकवतच नाहीत, आम्हालाच प्रश्न विचारतात’ अशी तक्रार घरी आली, तर लगेच शिक्षकाला दोष देण्याआधी मुलाची वही पाहावी.

ऑनलाइन शिक्षणाची मर्यादाही स्पष्ट आहे. चित्रफिती पाहून कोणी शिक्षक होत नाही, जसे हिशेबाचे पुस्तक वाचून कोणी पेढी चालवू शकत नाही. म्हणूनच सर्टलच्या योजनेत पुढच्या पायऱ्या आहेत. संशोधकाने शिकलेली पद्धत प्रत्यक्ष वर्गात वापरावी, विद्यार्थ्यांना किती समजले याची मोजणी करावी, आणि निष्कर्ष इतरांपुढे मांडावेत. प्रयोगशाळेत लागणारी शिस्तच येथे वर्गाला लावलेली असते.

भारतातही या दिशेने पावले पडली आहेत. ‘स्वयम्’ या शासकीय मंचावर २०१८ मध्ये महाविद्यालयीन अध्यापकांसाठी ‘अर्पित’ हे ऑनलाइन उजळणी अभ्यासक्रम सुरू झाले. २०२३ च्या शिक्षकदिनी मालवीय मिशन या शिक्षक-प्रशिक्षण योजनेचा आरंभ झाला. तथापि या योजना मुख्यतः नोकरीत असलेल्यांसाठी आहेत. संशोधकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०२२ चा पीएच.डी. नियम. कोणत्याही विद्याशाखेच्या संशोधक विद्यार्थ्याने आपल्या विषयाच्या अध्यापनाचे वा लेखनाचे शिक्षण घ्यावे, असे त्यात म्हटले आहे. शिवाय त्याला आठवड्याला चार ते सहा तास अध्यापन किंवा संशोधन साहाय्याचे काम देता येते. हा नियम कागदावर राहतो की वर्गापर्यंत पोहोचतो, हे विद्यापीठांवर आणि मार्गदर्शकांवर अवलंबून आहे.

व्यापारी घरांतील मुले-मुली आता केवळ वाणिज्य शाखेकडे जात नाहीत. रसायनशास्त्रात, जैवतंत्रज्ञानात पीएच.डी. करणारी, त्यासाठी अमेरिकेस जाणारी मुले अनेक कुटुंबांत आहेत. तेथे अध्यापन-सहायक म्हणून काम करून शिक्षणाचा खर्च भागवणाऱ्यांना पहिल्या सत्रातच पदवीच्या विद्यार्थ्यांसमोर उभे राहावे लागते. अशा मुलाने प्रवेशपत्र हाती येताच आपल्या विद्यापीठात अध्यापन-शिक्षणाची काय सोय आहे, ते सर्टलचे सभासद आहे काय, एवढी चौकशी करावी. ‘त्यामुळे संशोधनाचा वेळ जातो’ असे कोणी म्हणेल. पण पुढे प्राध्यापकपदासाठी अर्ज करताना अध्यापनविषयक निवेदन अनेक ठिकाणी मागितले जाते, तेव्हा हा वेळ कामी येतो.

आणि ज्यांची मुले येथेच बारावीनंतर विज्ञान महाविद्यालयात जाणार आहेत, त्यांनी प्रवेशाच्या वेळी इमारत, शुल्क आणि निकाल यांबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत. प्रथम वर्षाचे वर्ग कोण घेते? आणि त्यांनी शिकवण्याचे शिक्षण कोठे घेतले? हे प्रश्न दहा पालकांनी विचारले तरी संस्थाचालकांना उत्तर तयार ठेवावे लागेल.