दारी पहारा हवा

ई-मेलची पेटी उघडली की हल्ली आधी कर्जवाले, मग विमावाले, मग साड्यांच्या सवलतीवाले भेटतात. ज्याचे पत्र हवे असते तो बिचारा तळाशी. पांढुर्णा आणि सौसर येथे मी गायन शिकवितो. तेथेही घरोघर हीच तक्रार. पांढुर्ण्याची गोटमार वर्षातून एकदा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. हा मारा मात्र रोजचा, आणि तोही एकाच काठावरून!

रोग जुना आहे. १९७८ च्या मे महिन्यात अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने सुमारे ४०० जणांना एकच जाहिरात धाडली, तेव्हापासूनचा. या टपालास तिकीट लागत नाही. म्हणून हजारांत एकाने माल घेतला तरी धाडणाऱ्याचे साधते.

‘आले तर आले, पुसून टाकावे’ असे कित्येक म्हणतात. मला ते पटत नाही. सौसरच्या माझ्या एका शिष्येला शिष्यवृत्तीच्या मुलाखतीचे बोलावणे आले होते. ते या ढिगात दडले आणि तारीख उलटल्यावर सापडले. सहा वर्षांच्या रियाजाचे मोल एका जाहिरातीने असे केले.

आपल्या जुन्या घरांतून आलेल्या पत्रास उत्तर न देणे असभ्यपणाचे मानतात. हा संस्कार चांगला; परंतु येथे तोच घात करतो. अनोळखी पत्रातील दुव्यास हात लावला, की ‘या घरात माणूस आहे’ हे पाठविणाऱ्यास कळते. पत्रातली चित्रे आपोआप उघडू दिली तरी तेच. अशा पत्रावर ‘स्पॅम’चा शिक्का मारावा, उत्तर देऊ नये. ओळखीच्या दुकानाचे पत्र नकोसे झाले असेल तर ‘अनसबस्क्राइब’ करावे. मोठ्या प्रमाणावर जाहिराती धाडणाऱ्यांना ही सोय एका टिचकीत देणे गूगल आणि याहू यांनी २०२४ पासून बंधनकारक केले आहे. खरेदीसाठी निराळा पत्ता ठेवावा. मुख्य पत्ता दुकानाच्या गल्ल्यावर सांगू नये. आणि आठवड्यातून एकदा स्पॅमची पेटीही चाळावी, कारण जीमेल तेथील पत्रे ३० दिवसांनी नष्ट करते. चुकून तेथे गेलेल्या पत्रास ‘स्पॅम नाही’ म्हणावे, म्हणजे चाळणीही शिकते.

दिलेली संमती परत घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असावे, हे तत्त्व आपल्या संसदेच्या २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्यातही आले आहे. तेव्हा नको ते नको म्हणण्यात संकोच कसला?

माझे वडील दरबारी गवई. वर्दी दिल्यावाचून दरबारात कोणी पाऊल टाकीत नसे, असे ते सांगत. संस्थाने गेली, ते योग्यच झाले; परंतु वर्दीचा तो मान आता प्रत्येक गृहस्थाच्या दारास मिळावयास हवा, आणि त्यासाठी पहाऱ्यावर आधी आपणच उभे राहिले पाहिजे.