परदेशी प्रयोगशाळेचे निमंत्रण कोणाला?

फ्रान्समधील ग्रेनोबल येथे ८४४ मीटर परिघाचे एक वर्तुळाकार यंत्र आहे. ‘ईएसआरएफ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सिंक्रोट्रॉनमध्ये इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरवले जातात. त्यातून निघणाऱ्या प्रखर क्ष-किरणांत बॅटरीतील पदार्थ, प्रथिने, मिश्रधातू यांची रचना अणूंच्या पातळीवर उलगडते. आपल्याकडे इंदूरला ‘इंडस-२’ आहे. पण त्याची ऊर्जा अडीच गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, तर ग्रेनोबलच्या यंत्राची सहा. काही मोजमापे इंदूरला होतात, काहींसाठी बाहेर जावेच लागते. (उलटही घडते. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीवर वेळ मिळावा म्हणून जगभरातले खगोलशास्त्रज्ञ अर्ज करतात.)

यंत्रावरचे प्रत्यक्ष काम काही दिवसांचे. नमुना कसा तयार करायचा, कोणते मोजमाप फसवे असते, आकडे कसे वाचायचे, हे शिकायला मात्र महिने लागतात आणि ते जाणकाराच्या शेजारी बसूनच शिकता येते. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला काही महिने परदेशी प्रयोगशाळेत पाठवणाऱ्या फेलोशिपचे मोल इथे आहे. पदवी भारतातली, मार्गदर्शक इथलेच. मधला एक टप्पा तेवढा बाहेर.

अशा योजना नव्या नाहीत. फुलब्राइट-नेहरू फेलोशिपमधून सहा ते नऊ महिने अमेरिकेत संशोधन करता येते. भारत आणि फ्रान्स यांनी २०१३ मध्ये जाहीर केलेली रामन-शार्पाक फेलोशिप दोन्ही देशांतील विद्यार्थ्यांची ये-जा घडवते. केंद्राच्या ‘सर्ब’ या मंडळाने आखलेल्या योजनेत वर्षभरासाठी दरमहा २,००० डॉलरची तरतूद होती. हे मंडळ आता अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान, म्हणजे ‘एएनआरएफ’मध्ये विलीन झाले आहे.

कागदावर या संधी साऱ्या देशाला खुल्या असतात. खरी चाळणी लागते ती अर्जाच्या आधी. परदेशातील प्राध्यापकाशी पत्रव्यवहार करून त्याचे संमतिपत्र मिळवणे, हे काम सहसा विद्यार्थ्यावरच सोडलेले असते. आयआयटीतील किंवा बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतील विद्यार्थ्याचे मार्गदर्शक बऱ्याचदा स्वतः परदेशात शिकलेले असतात. त्यांच्या एका ईमेलवर काम होऊन जाते. राज्य विद्यापीठातल्या, त्यातही जिल्ह्याच्या ठिकाणच्या संशोधन केंद्रातल्या विद्यार्थ्याने अनोळखी प्राध्यापकाला पाठवलेली मेल बहुधा न उघडताच राहते. त्याचे काम कमी दर्जाचे असते म्हणून नव्हे, तर त्याच्या नावाची ओळख देणारे कोणी नसते म्हणून. म्हणजे ज्याच्या प्रयोगशाळेत साधने कमी, त्यालाच बाहेर जाणे सर्वात अवघड. गुणवत्तेची स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच हा निकाल लागलेला असतो आणि तो कोणत्याही निवड समितीच्या आकडेवारीत दिसत नाही.

दुसरी अडचण पैशाची, पण ती रकमेपेक्षा वेळेची. जेआरएफधारकाला १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये लागू आहेत, पुढच्या टप्प्यात ४२ हजार. ही रक्कमही महिनोन् महिने रखडते, अशी संशोधक विद्यार्थ्यांची जुनी तक्रार आहे. त्यातून व्हिसा, विमा, तिकीट, खोलीची अनामत हे सगळे आधी भरायचे आणि परतावा नंतर! काही विद्यापीठे पाहुण्या विद्यार्थ्याकडून प्रयोगशाळेचे शुल्क वेगळे मागतात. घरून दोन-तीन लाख उभे करू शकणाऱ्याला हे जमते. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारखी राज्याची योजना पूर्ण पदवीसाठी आहे. सहा महिन्यांच्या अशा फेरीला तिचा उपयोग नाही.

त्यात काळाचे गणित. जेआरएफ व नंतरची एसआरएफ मिळून पाच वर्षांची. पहिली दोन वर्षे विषय पक्का होण्यात जातात, शेवटचे वर्ष प्रबंधात. हाती उरतात मधली दोनेक वर्षे. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या. पाच वर्षांच्या पदवीसाठी निघालेल्याला असा खोळंबा सोसतो. सहा महिन्यांसाठी निघालेल्याचे यंत्रावरचे ठरलेले दिवसच हुकतात.

फेलोशिपची संख्या वाढवा, ही मागणी नेहमीची आणि रास्तही. पण निमंत्रणाची व्यवस्था न बदलता जागा वाढवल्या, तर त्या आधीच ओळखीपाळखी असलेल्या संस्थांकडेच जातील. ‘एएनआरएफ’च्या ‘पेअर’ कार्यक्रमात आघाडीच्या संस्थेला इतर विद्यापीठे जोडली जातात. प्रयोगशाळा जशा वाटून घ्यायच्या, तशा परदेशी ओळखीही वाटून घेता येतील. आघाडीच्या संस्थेतील प्राध्यापकाने जोडलेल्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्याचे काम पाहून शिफारसपत्र दिले, तर त्याला खर्च काहीच नाही. तिकीट व व्हिसाची रक्कम निवडीबरोबरच हातात पडावी, यासाठी वेगळा निधीही लागत नाही. नियमातली एक ओळ बदलावी लागते.