बैठकीची किल्ली कोणाच्या हाती?

जुलै २०२५ च्या अखेरच्या पंधरवड्यात ‘नायरा एनर्जी’ या कंपनीच्या कर्मचाऱ्यांपुढे एक अभूतपूर्व पेच उभा राहिला. मुंबईत मुख्यालय असलेल्या या कंपनीचा गुजरातमधील वाडिनार येथील तेलशुद्धीकरण प्रकल्प वर्षाला सुमारे दोन कोटी टन खनिज तेल शुद्ध करू शकतो. देशभर तिचे हजारो पेट्रोलपंप आहेत. यंत्रे जागेवर होती, माणसेही जागेवर होती. मात्र कंपनीचा ई-मेल उघडेना आणि ‘टीम्स’वरील बैठकांचे दार बंद झाले. ही सेवा पुरविणाऱ्या मायक्रोसॉफ्टने ती थांबविली होती.

नायरामध्ये रशियाच्या ‘रोसनेफ्ट’ची ४९.१३ टक्के भागीदारी आहे. त्यामुळे युरोपीय संघाने १८ जुलै रोजी जाहीर केलेल्या निर्बंधांच्या यादीत तिचे नाव आले. वास्तविक कंपनी भारतात नोंदलेली, सेवा देणारी कंपनी अमेरिकी आणि निर्बंध युरोपचे. भारताने ते मान्य केलेले नव्हते. अमेरिकेनेही त्या वेळी नायरावर तसे निर्बंध घातलेले नव्हते. परवान्याचे पैसे भरले असतानाही सेवा तोडल्याची तक्रार घेऊन नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. दरम्यान ई-मेलसाठी तिला ‘रेडिफ’ या देशी कंपनीचा आधार घ्यावा लागला. जुलै संपण्यापूर्वीच मायक्रोसॉफ्टने सेवा पूर्ववत केली आणि प्रकरण न्यायालयात फारसे पुढे गेले नाही. प्रकरण मिटले, प्रश्न मात्र शिल्लक राहिला. ज्या साधनावर कंपनीचे दैनंदिन कामकाज चालते, त्याची किल्ली कोणाच्या हाती असते?

या प्रश्नाचे गांभीर्य समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. दोन-अडीच दशकांपूर्वी ‘व्हिडिओ कॉन्फरन्सिंग’ म्हणजे मोठ्या कंपन्यांची चैन होती. त्यासाठी स्वतंत्र खोली, महागडी उपकरणे आणि खास भाड्याने घेतलेल्या वाहिन्या लागत. त्या खोलीची किल्ली कंपनीच्याच खिशात असे. भारतीय वंशाचे सुब्रा अय्यर आणि मिन झू यांनी १९९५ मध्ये स्थापन केलेल्या ‘वेबेक्स’ने ही बैठक इंटरनेटवर, साध्या संगणकापर्यंत आणली. सिस्को या बलाढ्य कंपनीने २००७ मध्ये सुमारे ३.२ अब्ज डॉलर मोजून वेबेक्स विकत घेतली. तेथील अभियंता एरिक युआन यांना जुन्या प्रणालीतील दोष दिसत होते. त्यांनी २०११ मध्ये बाहेर पडून ‘झूम’ची स्थापना केली. दुव्यावर टिचकी मारली की बैठक सुरू, ४० मिनिटांपर्यंतची सामूहिक बैठक फुकट आणि इंटरनेटचा वेग मंदावला तरी आवाज शक्यतो तुटू न देण्याची दक्षता, हे झूमचे बळ होते.

करोनाच्या साथीने या बळाची परीक्षा घेतली. डिसेंबर २०१९ मध्ये झूमच्या बैठकांतील रोजची उपस्थिती सुमारे एक कोटी होती. एप्रिल २०२० मध्ये ती ३० कोटींवर गेली. हा आकडा माणसांचा नव्हे, उपस्थितीचा होता. एकच व्यक्ती दिवसभरात पाच बैठकांना बसली तर ती पाच वेळा मोजली जात होती. कंपनीने सुरुवातीला ‘वापरकर्ते’ असा शब्द वापरला आणि नंतर तो दुरुस्त केला. तरीही वाढीचा झपाटा नाकारता येत नाही. याच काळात भारताच्या गृह मंत्रालयाने झूम हा सुरक्षित मंच नसल्याची सूचना जारी केली. संभाषण केवळ सहभागी व्यक्तींनाच उलगडावे, मधल्या कोणालाही नव्हे, अशा ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन’चा दावा झूम करीत होती. प्रत्यक्षात संभाषण उघडण्याच्या सांकेतिक किल्ल्या कंपनीकडेच राहत होत्या. अमेरिकेच्या ‘फेडरल ट्रेड कमिशन’ने हा दावा दिशाभूल करणारा ठरविला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये झूमला तडजोड करून सुरक्षाव्यवस्था सुधारण्याची हमी द्यावी लागली. त्यापूर्वीच, ऑक्टोबर २०२० पासून, कंपनीने खऱ्या अर्थाने तशी सोय उपलब्ध करून देण्यास सुरुवात केली होती. ग्राहकांनी आणि नियामकांनी विचारणा केली तर बदल होतो, हा त्यातील धडा.

दुसरा पेच बाजारपेठेचा आहे. बैठकीचे साधन हे काही सुटे विकले जाणारे यंत्र राहिलेले नाही. पत्रव्यवहार, दस्तऐवज, दिनदर्शिका, संदेश आणि बैठक यांचे एकच गाठोडे बांधून विकण्याची रीत रूढ झाली आहे. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये ‘टीम्स’ बाजारात आणले ते ‘ऑफिस’च्या गाठोड्यातच. ज्या कंपनीकडे ऑफिस होते तिच्याकडे टीम्स आपोआप आले. मग दुसऱ्या साधनासाठी वेगळे पैसे कोण मोजणार? ‘स्लॅक’ या प्रतिस्पर्धी कंपनीने जुलै २०२० मध्ये युरोपीय आयोगाकडे याविरुद्ध तक्रार केली. निकाल लागेपर्यंत पाच वर्षे उलटली. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने दंड न ठोठावता मायक्रोसॉफ्टची हमी स्वीकारली. त्यानुसार टीम्सविना गाठोडे कमी किमतीत द्यावे लागेल, प्रतिस्पर्धी साधनांशी जुळवून घ्यावे लागेल आणि ग्राहकाला आपली माहिती बाहेर काढून नेता यावी अशी सोय करावी लागेल. या मधल्या काळात स्लॅक स्वतंत्र राहिली नव्हती. ‘सेल्सफोर्स’ने ती सुमारे २७.७ अब्ज डॉलरना घेऊन टाकली होती.

इतरांची गत याहून वाईट झाली. ‘ब्लूजीन्स’ ही एके काळी नावाजलेली सेवा दूरसंचार कंपनी ‘व्हेरायझन’ने २०२० मध्ये विकत घेतली आणि २०२३ मध्ये ती गुंडाळण्याचे जाहीर केले. परदेशी गेलेल्या मुलांशी आई-वडिलांची गाठ घालून देणारे ‘स्काईप’ ५ मे २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनेच बंद केले. २०११ मध्ये त्यासाठी तिने ८.५ अब्ज डॉलर मोजले होते. तात्पर्य, सेवा निर्बंधांमुळेच थांबते असे नाही. मालकाचा हिशेब बदलला तरी ती थांबते. मग त्या साधनावर साठविलेली वर्षानुवर्षांची संभाषणे आणि चित्रमुद्रणे दुसरीकडे हलविण्याची धावपळ ग्राहकाच्या माथी येते.

हे ओझे केवळ सोयीचे नाही, ते कायद्याचेही आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने संचालकांना दृक्-श्राव्य माध्यमातून बैठकीला हजर राहण्याची मुभा दिली. अशा बैठकांचे मुद्रण जपून ठेवण्याची जबाबदारी अध्यक्ष आणि कंपनी सचिवांवर आहे. भागधारकांच्या वार्षिक सभाही २०२० पासून याच मार्गाने घेण्यास परवानगी मिळाली आणि ती वेळोवेळी वाढविण्यात आली. म्हणजे कंपनीच्या सर्वोच्च निर्णयाचा पुरावा तिऱ्हाइताच्या संगणकावर राहू लागला. त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. बैठकीचे इतिवृत्त यंत्रच लिहिते. साहजिकच ते बैठक ऐकतेही. ग्राहकांच्या माहितीवर ही यंत्रणा शिकविण्यास वाव देणारी भाषा झूमच्या सेवाशर्तींत असल्याचे ऑगस्ट २०२३ मध्ये उघड झाले, तेव्हा गदारोळ झाला आणि कंपनीला ती भाषा बदलावी लागली.

भारतापुढे पर्याय कोणते? केंद्र सरकारने एप्रिल २०२० मध्ये देशी साधनासाठी स्पर्धा जाहीर केली. केरळमधील आलप्पुळा येथील ‘टेकजेन्शिया’ या लहान कंपनीच्या ‘व्ही-कन्सोल’ने तीत एक कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक पटकावले. ‘जिओमीट’ही त्याच वर्षी अवतरले. मात्र पारितोषिक मिळाले म्हणून बाजारपेठ मिळत नाही; समोरचा ग्राहक ज्या साधनावर बसला आहे तेथेच जावे लागते. पुढे सरकारी ई-मेलची व्यवस्था चेन्नईच्या ‘झोहो’कडे गेली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये माहिती-तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपण स्वतः झोहोची साधने वापरू लागल्याचे जाहीर केले. ही दिशा स्वागतार्ह आहे. परंतु स्वदेशी म्हणजे आपोआप सुरक्षित, असे समीकरण मांडणे भाबडेपणाचे ठरेल. त्याच कंपनीचे ‘अरट्टई’ लोकप्रिय झाले तेव्हा त्यातील लिखित संदेशांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शनचे कवच नव्हते. तिऱ्हाईत देशी असला तरी तो तिऱ्हाईतच.

परदेशी कंपन्यांनी पाठ फिरवावी, असाही याचा अर्थ नाही. झूमने भारतात दूरसंचार परवाना घेऊन ऑक्टोबर २०२४ मध्ये आपली इंटरनेटवरील दूरध्वनी सेवा सुरू केली, ती प्रथम पुण्याच्या परिसरात. परवाना आला की उत्तरदायित्वही येते. परकी सेवा येथील कायद्याच्या चौकटीत आणण्याचा तो एक मार्ग आहे.

प्रश्न स्वदेशी की विदेशी यापेक्षा बाहेर पडण्याच्या वाटेचा अधिक आहे. करारावर सही करण्यापूर्वी चार गोष्टी विचारणे उद्योगांच्या हाती आहे. सेवा थांबवायची झाल्यास किती दिवसांची पूर्वसूचना मिळेल? संभाषणे आणि मुद्रणे दुसऱ्या साधनाला वाचता येतील अशा स्वरूपात परत मिळतील काय? सांकेतिक किल्ल्या कोणाकडे राहतील? वाद झाल्यास कोणत्या देशाचे न्यायालय? ‘जित्सी’सारखी मुक्त स्रोत साधने स्वतःच्या संगणकावर चालविता येतात. ब्राऊझरमधूनच दृक्-श्राव्य संवाद साधणारे ‘वेबआरटीसी’ हे खुले तंत्रही जानेवारी २०२१ पासून अधिकृत मानक बनले आहे. देखभालीचा भार उचलण्याची तयारी असेल तर वाट अडलेली नाही. मोठ्या कंपनीला दुसरी व्यवस्था सज्ज ठेवणे परवडते, लहान उद्योजकाला नाही. म्हणूनच माहिती हलविण्याचा हक्क युरोपप्रमाणे नियमांतून मिळायला हवा.

नायरापाशी वकील होते, पैसा होता आणि तिचे प्रकरण देशाच्या इंधनपुरवठ्याशी निगडित होते. तिचे दार काही दिवसांत उघडले. वीस-पंचवीस माणसांच्या एखाद्या कार्यालयाचे दार असेच बंद झाले, तर ते कोण ठोठावणार आणि ऐकणार कोण, याचे उत्तर दार उघडे आहे तोवरच शोधलेले बरे.