पियानोची आस
पियानोची खरी पारख जोरकस वादनात नव्हे, तर एकच पट्टी हलकेच दाबून धरून तिचा स्वर विरेपर्यंत ऐकण्यात होते, कारण आस, म्हणजे आघातानंतर रेंगाळणारा नाद, मुख्यतः ध्वनिफलकावर, अर्थात तारांचे कंपन हवेत पोहोचवणाऱ्या स्प्रूसच्या पातळ फळीवर अवलंबून असते. व्हिएन्नात १८२८ मध्ये सुरू झालेल्या ब्योसेनडॉर्फरच्या पियानोत बाजूची चौकटही स्प्रूसचीच असल्याने ती फळीबरोबर निनादते आणि स्वर गोल, उबदार उमटतो. स्टाइनवेची कठीण मेपलची चौकट मात्र कंपन फळीतच राखते, त्यामुळे स्वर मोठ्या सभागृहात लख्ख पोहोचतो. घरच्या खोलीत बहुधा पहिलाच अधिक सुखावतो. केवळ कर्कश वाटले म्हणून चांगले वाद्य नाकारणे घाईचे ठरते, कारण हातोड्यांवरील नमदा सुयांनी टोचून सैल केला की स्वर मवाळ होतो. आखूड आस मात्र त्या सुयांनी वाढत नाही.