पटाभोवतीचा संघ

मागील पालकसभेत एका पालकांनी उभे राहून विचारले, "गुरुजी, दहावीच्या मुलांनी संध्याकाळचा एक तास बुद्धिबळाच्या पटाशी घालवावा, हे आपणांस पटते का?" त्यानंतर थोड्याच दिवसांत एका ज्येष्ठ उपासकांनी विहारात आम्हांला बाजूला घेऊन निराळीच शंका मांडली. तथागतांनी पटावरील खेळांची गणना प्रमादात केली असताना बुद्धविचारांच्या शाळेत हा खेळ कशासाठी, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही प्रश्न मुलांविषयीच्या कळकळीतून आलेले आहेत. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्यांचे उत्तर देऊ इच्छितो. ते देताना आमच्या हातून झालेली एक चूकही सांगावी लागेल.

प्रथम उपासकांच्या शंकेविषयी. दीघ निकायातील ब्रह्मजाल सुत्तात श्रमणांनी ज्या खेळांत काळ दवडू नये, त्यांची एक यादी आहे आणि तिच्या आरंभीच 'अट्ठपद' व 'दसपद' हे पटावरचे खेळ येतात. आजच्या बुद्धिबळाचे पूर्वरूप जे चतुरंग, त्याचे स्पष्ट उल्लेख त्यानंतर कित्येक शतकांनी आढळतात. म्हणून ती यादी आपल्या खेळाला लागू नाही, असे म्हणून सुटका करून घेता येईल. ती सुटका आम्हांला नको. त्या यादीमागील कसोटी बेसावधपणाची आहे आणि ती आजही खरी आहे. मोबाइलवर एकामागून एक झटपट डाव खेळणे, हरलो की चिडून लगेच दुसरा सुरू करणे आणि मध्यरात्री आपण काय खेळलो हे एकाही डावापुरते न आठवणे, हा शुद्ध प्रमाद होय. याच चौसष्ट घरांवर अप्रमादाचा अभ्यास होऊ शकतो का, एवढाच प्रश्न उरतो.

आता आमची चूक. अनेक वर्षे आमची पद्धत अशी होती: स्पर्धेचे परिपत्रक आले की वर्गातील दोन 'हुशार' मुले निवडायची, आठ दिवस त्यांना खेळवायचे आणि पाठवायचे. बाकीची मुले टाळ्या वाजवायला. अशाच एका स्पर्धेत आमची दोन्ही मुले पहिल्या वीस चालींतच हरली. तेथील एक गृहस्थ सहानुभूतीने म्हणाले, "मास्तर, हा उपजत बुद्धीचा खेळ आहे. शिकवून येत नाही." उपजत बुद्धी कोणाकडे असते आणि कोणाकडे नसते, याची जी उतरंड या देशाने शतकानुशतके सांगितली, ती त्या वाक्यात होती. आम्हांला राग आला. परंतु परतीच्या एस.टी.त लक्षात आले की, दोघांना निवडून अठ्ठावन्न मुलांना बाजूला बसवताना आम्ही तरी दुसरे काय मानले होते?

इतिहासाचे अध्यापक म्हणून या ठिकाणी एक उदाहरण द्यावेसे वाटते. अविभक्त पंजाबातील मीर सुलतान खान देशी पद्धतीचे बुद्धिबळ शिकून मोठे झाले. 1929 साली सर उमर हयात खान यांच्या आश्रयाने ते इंग्लंडला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेते ठरले. 1932 व 1933 साली त्यांनी ते पद पुन्हा जिंकले. हेस्टिंग्ज येथील 1930-31 च्या स्पर्धेत माजी जगज्जेता कापाब्लांका यांना त्यांनी हरवले. त्याच घरातील फातिमा 1933 साली ब्रिटिश महिला विजेत्या झाल्या. मात्र डावाच्या सुरुवातीचे जे ज्ञान युरोपात ग्रंथांतून व मंडळांतून साचले होते, ते सुलतान खानांना लाभलेले नव्हते. 1933 च्या अखेरीस आश्रयदाते मायदेशी परतले, त्यांच्यासोबत तेही परतले आणि आंतरराष्ट्रीय पटावर पुन्हा दिसले नाहीत. मानद ग्रँडमास्टर हा किताब त्यांना मिळाला तो 2024 साली, मृत्यूनंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने. प्रतिभा होती, तिच्याभोवती संघ नव्हता. आश्रय संपला आणि खेळही संपला.

याच्या उलट उदाहरण सोव्हिएत देशाचे. 1948 साली जगज्जेते झालेले मिखाईल बोत्विनिक व्यवसायाने विद्युत अभियंता होते. पुढे त्यांनी चालवलेल्या वर्गात मुलांना आपलेच डाव सर्वांसमोर मांडावे लागत, त्यांतील चुका सांगाव्या लागत आणि घरचा अभ्यास घेऊन जावा लागे. कार्पोव, कास्पारोव आणि क्रामनिक हे तीन भावी जगज्जेते निरनिराळ्या काळी त्या वर्गात बसले. आपल्याकडे विश्वनाथन आनंद 1988 साली भारताचे पहिले ग्रँडमास्टर झाले, ते चेन्नईतील मंडळात खेळत वाढलेले. 2024 साली बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी सुवर्णपदक मिळवले. त्यांत नाशिकचे विदित गुजराथी होते, नागपूरच्या दिव्या देशमुख होत्या. दिव्या पुढच्याच वर्षी महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाल्या. या यशामागे प्रशिक्षक आहेत, कुटुंबाचा खर्च आहे, प्रवास आहे. आमच्या पालकांपाशी तो पैसा नाही. आमच्यापाशी निवासी शाळा आहे, म्हणजे रोज संध्याकाळी एकाच छताखाली असणारी मुले आहेत. गरिबाचा प्रशिक्षक म्हणजे त्याचा संघ, हे ओळखून आम्ही पद्धत बदलली.

आता तास असा चालतो. एका पटाभोवती चार मुले बसतात. दोघे खेळतात, दोघे चाली लिहितात. डाव संपल्यावर मोहरी पुन्हा मांडायची आणि हरलेल्याने आधी बोलायचे: कोठे चुकले असे वाटते, त्या वेळी मनात काय होते. मोहऱ्याला हात लावण्यापूर्वी विचार शब्दांत सांगायचा, हा नियम. चूक सापडली की ती वहीत उतरवायची. "घोड्याचा दुहेरी हल्ला पाहिला नाही", "घाईत शह दिला, उपयोग नव्हता" अशा नोंदींनी वह्या भरतात. महिन्याने तीच वही उघडली की एकच चूक सात वेळा केलेली दिसते. तेथून खरा अभ्यास सुरू होतो. रोज थोडी कोडी सोडवायची, तीही पटावर न हलवता. रविवारी सहा तास बसण्यापेक्षा रोजचा एक तास अधिक पदरात टाकतो, हा आमचा अनुभव आहे.

आरंभ मात्र आम्ही डावाच्या शेवटापासून करतो. पटावर केवळ दोन राजे आणि एक प्यादे. मुले उत्साहाने प्यादे पुढे ढकलतात, शत्रूचा राजा आडवा येतो आणि डाव बरोबरीत सुटतो. मग हळूहळू उमगते की राजाने प्याद्याच्या पुढे चालायचे असते. पांढरा राजा आपल्या प्याद्याच्या पुढे सहाव्या ओळीत पोहोचला की, प्यादे अगदी कडेचे नसेल तर, चाल कोणाचीही असो, ते वजीर होते. सत्काराच्या भाषणांत आपण म्हणतो, प्याद्याचा वजीर झाला. पटावर पाहावे तर ते प्यादे एकटे धावून वजीर झालेले नसते. कोणी तरी आधी पुढे जाऊन वाट मोकळी केलेली असते.

मध्यंतरी आठवीच्या एका मुलीने दहावीतील मुलाच्या मांडणीतील चूक दाखवली. तो क्षणभर गप्प झाला, मग वही पुढे करून म्हणाला, "तूच लिही." आम्हांला त्या दिवशी संगीतीची आठवण झाली. बुद्धवचन शतकानुशतके लिहिलेले नव्हते; भिक्खूंनी ते एकत्र पठण करून जपले. एकाचे विस्मरण दुसऱ्याने सावरले. एकत्र बसून चूक दुरुस्त करणे ही आपल्या परंपरेतील विद्येची पद्धतच आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 साली सोलापुरात वसतिगृह काढले, तेव्हा बाबासाहेबांनाही मुलांना नुसता निवारा द्यायचा नव्हता. अभ्यासाची संगत द्यायची होती, असे आम्ही मानतो.

आता पालकांचा प्रश्न. बुद्धिबळाने गणिताचे गुण वाढतात, असे आश्वासन आम्ही देणार नाही. इंग्लंडमधील शाळांच्या एका मोठ्या पाहणीत, जी 2016 साली प्रसिद्ध झाली, वर्षभरानंतर तसा परिणाम आढळला नाही. आमचा दावा लहान आहे, पण आम्हांला तो मोलाचा वाटतो. आपण काल जे पाहू शकत नव्हतो ते आज पाहू शकतो, याचा लेखी पुरावा मुलाच्या हातात येतो. 'मला जमणार नाही' हे वाक्य घेऊन जे मूल वस्तीतून येते, त्याला असा पुरावा दुसरीकडे सहज मिळत नाही. परीक्षेच्या महिन्यात तास अर्धा करावा, ही सूचना आम्हांला मान्य आहे. तो केवळ निवडक मुलांपुरता ठेवावा, ही मात्र मान्य नाही. त्या वाटेने आम्ही एकदा गेलो आहोत.

माजी विद्यार्थ्यांना विनंती की, चषक आणि ढाली पाठवण्याऐवजी महिन्यातून एक रविवार द्यावा. खेळ येत नसला तरी चालेल. शेजारी बसून चाली लिहाव्यात. घरी पडून असलेला पट किंवा घड्याळ असेल तर आणावे. आणि पालकहो, मूल सुट्टीत घरी आले की 'जिंकलास का?' असे विचारू नका. 'वही दाखव' म्हणा, आणि हरलेला एक डाव त्याच्याकडून समजून घ्या.

नमो बुद्धाय, जय भीम.