देशोदेशींच्या लोककथा : कमवायचे परलोकात, खर्चायचे इहलोकात



कोरियाच्या दक्षिणेला जेजू नावाचे बेट आहे. तेथील बायका एका दमात समुद्राच्या तळाशी बुडी मारून शिंपले आणि शेवाळ काढतात. त्यांना हेन्यो म्हणतात. पाठीवर प्राणवायूची नळकांडी नसते. आपल्याकडे नदी पार करायला भोपळ्याची सांगड बांधत, तसा एक भोपळा त्या पाण्यावर तरंगत ठेवीत. आता त्या जागी थर्माकोलचा गोळा आला आहे.

त्यांची म्हण अशी की, कमवायचे परलोकात आणि खर्चायचे इहलोकात. येथे परलोक म्हणजे स्वर्ग नव्हे, समुद्राचा तळ. मुलांची फी आणि घरचे धान्य तेथून आणायचे. आणखी एक शिंपला काढू या, अशी हाव धरली की दम संपतो आणि पाण्यातच श्वास घेतला जातो. म्हणून म्हाताऱ्या नव्या मुलींना बजावतात, आपल्या दमापुरतेच खाली राहा. किनाऱ्याजवळचे उथळ पाणी म्हाताऱ्या बायकांसाठी राखून ठेवण्याचीही रीत आहे. कोणत्याही संघटनेने शिकावी अशी ती रीत आहे.

वल्हे मारताना त्या 'इओदो साना' हे गाणे म्हणत. एकीने उचलायचे, बाकीच्यांनी झेलायचे. इओदो हे कथेतले बेट. समुद्रावर गेलेला आणि परत न आलेला नवरा तेथे सुखाने राहतो, अशी समजूत. एका कथेत तो राजाच्या नजराण्याचा माल घेऊन निघालेला असतो.

हा नजराणा ही खरी गोष्ट होती. राजदरबारी जेजूचे शिंपले पाठवावे लागत. ते काढणारे पुरुष हलके मानले जात. जाचाला कंटाळून ते पळून गेले आणि ओझे बायकांवर पडले. लोक पळतात म्हणून १६२९ मध्ये बेट सोडण्यावरच बंदी आली, ती सुमारे दोनशे वर्षे टिकली. ज्यांना बेटाबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती, त्यांच्याच तोंडी पलीकडच्या सुखी बेटाचे गाणे आले. मला यात नवल वाटत नाही.

पुढे जपानी राज्य आले. बायकांच्या नावाने एक सहकारी संस्था निघाली, पण कारभार जपानी अधिकाऱ्यांच्या हाती. भाव तेच ठरवीत. (संस्था आपल्या नावाची आणि चाव्या दुसऱ्याकडे, हा प्रकार आपणांस नवा नाही.) हादो गावातल्या काही जणी रात्रशाळेत जात. तेथे अक्षरओळखीबरोबर तराजूचे आकडे वाचायलाही शिकवीत. आकडे कळल्यावर लूट लपेना.

१२ जानेवारी १९३२ रोजी सेह्वाच्या बाजारात त्यांनी बेटाच्या जपानी प्रमुखाची मोटार अडवली. हातात विळे आणि शिंपले काढायचे आकडे होते. पुढाऱ्यांपैकी बू चुन-ह्वा आणि किम ओक-र्योन या रात्रशाळेतच शिकलेल्या. त्या काही महिन्यांत मिळून सुमारे १७ हजारांचा सहभाग झाला असे सांगतात. मग धरपकड झाली.

त्या दिवसांत कांग ग्वान-सुन या कार्यकर्त्याने तुरुंगात हेन्योंच्या हालांवर गाणे लिहिले. त्यात सुखाच्या बेटाऐवजी त्यांची मजुरी आणि लूट आहे. हेन्यो आता तीन हजारांहून कमी उरल्या असून बहुतेक साठीपुढच्या आहेत. तरीही त्या लढ्याच्या स्मृतिदिनी त्या हेच गाणे म्हणतात.